मांडीवरचा डाग

धर्मराजनं पेटीतून आईचं पांढरं लुगडं काढलं, खाटेवर टाकलं आणि घडी उलगडता उलगडता त्याचा हात थांबला. डाग होता. काठाला नव्हे, पदरालाही नव्हे. बाई मांडी घालून बसली तर बरोबर मांडीवर येईल अशा जागी, दोन तळहात शेजारी ठेवले तर होईल एवढा, कडेला पिवळसर आणि मधे कापड मेल्यासारखं झालेलं. त्यानं लुगडं उचलून खिडकीपुढं धरलं. डागातून उजेड आरपार येत होता, बाकीच्या कापडातून येत नव्हता. तेल. चहाचा डाग धुतला की फिका पडतो, रक्ताचा थंड पाण्यानं सुटतो, पण तेल कापडात शिरून घर करतं आणि वर धूळ बोलावत बसतं. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तेलाच्या डागाशी त्याचं वैर शाळेपासूनचं.

उद्या निपाणीत परिषद होती. देवीच्या नावानं पोरी सोडायची चाल मोडा, यासाठी भरवलेली. मुख्य भाषण त्याचं. पाटबंधारे खात्यात तो साधा कारकून, पण बेळगावच्या खासबागेपासून निपाणीपर्यंत लोक त्याला धर्मराज सर म्हणत, कारण तो बोलायला उभा राहिला की कुणाची भीड ठेवत नसे. परिषदेच्या मंडळींनी निरोप धाडला होता, आईंना पांढऱ्या लुगड्यात घेऊन या, त्यांना स्टेजवर बसवायचं आहे. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव बुट्टीत भरून वेदगंगेत सोडून आलेल्या बायका निपाणीत होत्या, तानीबाई त्यांतली एक. तिला लोकांनी बघावं, म्हातारी, ताठ, पांढऱ्या कापडातली. आणि तिच्या मांडीवर तेलाचा हा एवढा चट्टा. पहिल्या रांगेत बसलेल्या पांढरपेशा पाहुण्यांची नजर कुठं जाईल ते त्याला ठाऊक होतं. ती नजर त्यानं आयुष्यभर कॉलरवर, बाहीवर, पाठीवर सोसली होती. त्यांच्या अंगावरचा डाग हा डाग असतो. आपल्या अंगावरचा डाग हा पुरावा असतो.

"परटाकडं टाका की," जया दारातून म्हणाली. त्याची बायको. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. "कोपऱ्यावरचा संध्याकाळपर्यंत देतोय."

"नको."

"तुमचं आपलं काहीतरी. अख्खी गल्ली देतीया."

त्यांच्या घरातलं कापड परटाकडं जात नव्हतं. आधी परीट घेत नव्हता म्हणून, आणि आता परीट घेतो तरी धर्मराज देत नव्हता म्हणून. निपाणीत लहानपणी परटाच्या भट्टीसमोरून जाताना त्यांना कपडे सावरून जावं लागे, उकळत्या कढईत आपली सावली पडली तर सगळ्या गावाची धुणी बाटायची. त्या कढईचा राग त्याच्या पोटात अजून उकळत होता. म्हणून आपलं कापड आपणच धुवायचं, आपणच इस्त्री करायचं आणि असं करायचं की परटानं तोंडात बोट घालावं. जया लग्न होऊन आली तेव्हा नवरा स्वतःचे सदरे स्वतः घासतो हे बघून लाजली होती. आता तिला सवय झाली होती.

त्यानं तोंडाला लावायच्या पावडरचा डबा आणला. लुगड्याखाली दुपदरी टॉवेल घातला, डाग वर ओढून ताणला आणि त्यावर पावडर शिंपडली, नुसती नव्हे, बोटाच्या पेरानं दाबून दाबून. तेल काढायचं तर आधी पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की तेल आत दडून बसतं. आधी कोरडं काहीतरी द्यायचं त्याला प्यायला. लहानपणी पावडर कुठली? खडू. शाळेतून फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे तो चड्डीच्या खिशातून घरी आणायचा. एकच पांढरा सदरा होता. डोक्याला करडईचं तेल चोपडायची रीत, आणि चार दिवसांत कॉलर तेलानं काळी व्हायची. वर्गात भिंतीकडची वेगळी जागा, मास्तर लांबून छडीच्या टोकानं कॉलर वर करून दाखवायचा आणि म्हणायचा, बघा रे, यांना सरकार पुस्तकं देतंय, साबण पण द्यायला पायजे. पोरं हसायची. आई तंबाखूच्या वखारीतून संध्याकाळी यायची ती पिवळी तपकिरी होऊन, केसांत, कानांत, पापण्यांत तंबाखूची पूड, आणि आल्या आल्या आधी हात धुवायची. मग खडू कुटून कॉलरवर पसरायचा. मग पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे, त्याचं तोंड चिंधीनं धरायचं आणि बुडाशी कॉलर शेकायची. खाली जुना कागद. तेल वितळून कागदावर उतरायचं, कागद काचेसारखा दिसायला लागायचा. सकाळी सदरा पांढरा. त्याला धुराचा वास यायचा, पण वास फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. तांब्या कुणी धरलेला असायचा ते मात्र त्याला दिसत नसे. आई खडू कुटत असायची, म्हणजे तांब्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणार. तो हात आठवणीत यायचा, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट, आणि तिथंच तुटायचा. पुढं बघायचं नाही हे त्यानं इतकी वर्षं स्वतःला शिकवलं होतं की आता शिकवावंही लागत नव्हतं.

"आत्तींना विचारलं काय, कसला डाग हाय ते?" जयानं चुलीजवळून विचारलं.

"तिला दिसला तरी असंल काय? डोळ्यांत मोतीबिंदू. तसंच घडी घालून ठेवलं असणार."

आई महिनाभरापूर्वी डोळे दाखवायला निपाणीहून बेळगावला आली होती ती इथंच राहिली होती. आता परसात सावलीला बसून वाकळ शिवत होती. दिसत नव्हतं तरी शिवत होती, बोटांनी टाका चाचपत. शेजारच्या घरातल्या मागाचा खटक खटक आवाज तिच्यापर्यंत जात होता आणि तिची सुई त्या ठेक्यावर चालल्यासारखी वाटत होती.

पावडर तेल पीत होती तोवर त्यानं इस्त्रीत कोळसे भरले, फुंकले, राख झाडली. ऑफिसातून आणलेला टीपकागद डागाच्या वर एक आणि खाली एक ठेवला आणि इस्त्री टेकवली. ओढायची नाही, नुसती टेकवायची, उचलायची, परत टेकवायची. पहिलाच कागद उचलला तेव्हा त्यावर डागाचं चित्र उतरलं होतं, ओलसर, पारदर्शी. त्याला समाधान वाटलं. कागद बदलला. परत टेकवली. आणि तेव्हा वास आला. गरम झालेल्या खोबरेल तेलाचा, त्याखाली आणखी कशाचा तरी, मातीसारखा, कडवट, जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसला. त्यानं नाक लुगड्याजवळ नेलं आणि लगेच मागं घेतलं. हा वास त्याच्या घरात यायला नको होता. स्वयंपाकात काहीतरी करपलं असेल असं त्यानं ठरवलं आणि तिसरा कागद ठेवला. उद्याच्या भाषणातली वाक्यं तो मनात म्हणायला लागला. मित्रहो, देवी नाही. देवी असती तर तिनं आपल्याच पोरी मागितल्या नसत्या, पाटलाच्या पण मागितल्या असत्या. हे वाक्य लोकांना आवडायचं. मग जटेचं. पोरीच्या डोक्यात जट आली म्हणजे देवीचं बोलावणं नव्हे, तेल मिळालं नाही, फणी मिळाली नाही, म्हणून केस गुंतले. देवी केसांत नसते, दारिद्र्य असतं. इथं टाळ्या पडायच्या. मागल्या हिवाळ्यात निपाणीच्या चौकात पडल्या होत्या तशा. मग तो आपल्या घराचं सांगायचा. माझ्या आईनं देव बुट्टीत घालून नदीला दिले. माझ्या घरात देवीला जागा नाही.

कागद आता कोरडे येत होते. तेल उतरलं होतं. राहिलेला पिवळेपणा धुण्यानं जाईल म्हणून त्यानं बादलीत ऊन पाणी घेतलं, मूठभर धुण्याचा सोडा विरघळवला, डाग तेवढा पिळा करून पाण्यात बुडवला आणि वर साबणाची वडी घासली.

लाल झालं.

क्षणात झालं. पिवळं होतं ते त्याच्या बोटांखाली विटकरी झालं, मग लालभडक, आणि ती लाली पाण्यात उतरून सोड्याच्या पांढऱ्या पाण्यात धागे सोडायला लागली. त्याला वाटलं आपलं बोट कापलं. त्यानं हात वर धरून बघितला, बोट शाबूत होतं. रक्त नव्हतं. असं लाल होणारी एकच गोष्ट असते आणि ती या भागात पोरासोरांना ठाऊक असते. हळदीला चुना लावा, खार लावा, सोडा लावा, ती लाल होते. कुंकू तसंच करतात. त्यानं खात्री करायची म्हणून शिंक्यातलं लिंबू कापून पिळलं. लिंबाचा थेंब पडला तिथं लाल मागं हटलं आणि पिवळं वर आलं. हळद. तेल आणि हळद. हळद म्हणजे भंडारा, देवीपुढं उधळतात तो.

तो बादलीपुढं उकिडवाच बसून राहिला. जो वास इस्त्रीखालून आला होता तो आता ओला होऊन सगळ्या मोरीत पसरला, आणि त्याबरोबर सौंदत्तीचा, देवीचा डोंगर आला. तो डोंगर पिवळा होता. वाट पिवळी, माणसं पिवळी, बैलांची शिंगं पिवळी. पाच वर्षांचा तो बापाच्या खांद्यावर बसला होता, हातात चुरमुऱ्यांचा पुडा, आणि हवेत उडालेला भंडारा त्याच्या चुरमुऱ्यांवर बसत होता, म्हणून तो रडत होता. खाली बापाच्या शेजारून एक पोरगी चालली होती. हिरवं लुगडं नेसवलेली, कमरेला कडुलिंबाचा पाला, तिच्या लहान अंगाला लुगडं लई होत होतं आणि ती त्यात अडखळत होती. केसांत मागं एक जट लोंबत होती. त्या जटेवरूनच सगळं झालं होतं. त्या पोरीनं वर बघून म्हटलं होतं, "यल्लू, रडू नगंस, म्या झाडून देतो." आणि त्याच्या पुड्यातले चुरमुरे एक एक करून आपल्या पदराला पुसून त्याला परत दिले होते. मग ती बायकांच्या गर्दीत गेली आणि आली तेव्हा तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ होती.

सुला. सुलाआक्का.

नाव आलंच. एकदा आलं की ते थांबत नाही. तांब्या धरणारा हात मनगटाच्या वर दिसायला लागला, दंड, खांदा, वाकलेली मान, जटेचं ओझं एका बाजूला टाकून निखाऱ्यांवर फुंकर घालणारं तोंड. ती माळ घालून परत घरातच राहिली, तशाच राहायच्या पोरी. जोगवा मागून आणायची. रात्री कोण यायचं जायचं ते त्याला कळायला लागलं तेव्हा तो हायस्कुलात होता आणि त्याला तिच्या हातचं पाणी नकोसं झालं होतं, तिनं शेकलेला सदरा मात्र चालत होता. छप्पन साली देव गेले, पण सुला राहिली, तिला कुठल्या बुट्टीत भरायचं हे कुणाला कळलं नाही. शाळेतलं यल्लाप्पा हे नाव त्यानं बदलून धर्मराज करून घेतलं. मग नोकरी लागली, मग जयाच्या घरची माणसं निपाणीला बघायला येणार म्हणून निरोप आला आणि त्याच्या आदल्या दिवशी त्यानं आईला एवढंच म्हटलं होतं की आक्का उद्या घरात नको. सुलानं ऐकलं असणार. तिनं आपलं बोचकं बांधलं आणि वखारींच्या मागल्या चाळीत खोली धरली, परत आली नाही. जयाच्या बापानं भावंडांचं विचारलं तेव्हा धर्मराज म्हणाला, एक बहीण होती, वारली. आई समोर बसली होती. ती वखारीतल्यासारखी बोटं चोळत बसली होती. त्या दिवसापासून आजवर माय-लेकात त्या नावाचा उच्चार नव्हता.

आणि आता हा भंडारा. त्याला सगळं उलगडलं असं वाटलं आणि उलगडल्यासरशी संताप चढला. म्हणजे म्हातारी देवीकडं गेली. धम्माचं पांढरं लुगडं नेसून गेली, दिव्याला तेल घातलं, गुडघे टेकले, तेल सांडलं, भंडारा उधळला. आणि आपण उद्या तिला स्टेजवर बसवून सांगणार की या माऊलीनं देव नदीला दिले. नदीनं ते परत आणून दिले असणार तिच्या ट्रंकेत. त्यानं लुगड्याचा तो ओला पिळा हातात धरला आणि तसाच परसात गेला. मागं पाण्याची धार लागली होती.

"हे काय हाय?"

तानीबाईनं सुई वाकळेत टोचली. तिनं हात पुढं करून ओलं कापड चाचपलं. "लुगडं हाय माझं. कशाला भिजीवलंस?"

"डाग काढत होतो. तेलाचा. सोडा लावला तर लाल झाला."

तिनं ओली बोटं वाकळेला पुसली.

"भंडारा हाय ह्यात. कुठं गेलीवतीस?"

"बस खाली. उभ्यानं बोलू नगंस."

"उभ्यानंच बोलणार. डोंगराला गेलीवतीस का न्हाईस तेवढं सांग. मी गावोगाव बोंबलत फिरतोय, लोक मला मारायला उठत्यात, आणि माझ्या आईनं घरात दिवा लावायचा. मग कशाला नदीला दिलंस सगळं? माझ्या तोंडाला काळं फासायला?"

"तुझं तोंड लई गोरं हाय," तानीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "डोंगराला म्या गेल्याली न्हाय. तुझ्या बानं न्हेलंतं, त्याच्यानंतर कंदी न्हाय."

"मग भंडारा कुठला?"

"जटंतला."

त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं आणि त्याच्या हातातलं लुगडं जड झालं.

"पुनवंला विहारात वंदना झाली," ती म्हणाली, "आन तशीच गेले सुलीकडं. हेच नेसून. हिरवं नेसवून न्हेलंतं तिला, म्हटलं आणायला पांढरं नेसून जावं. जाताना खोबरेल घेतलं बाटलीभर. तिला म्हटलं बस. ती म्हणाली कशाला. म्हटलं जट सोडिवणार हाय तुझी. ती भ्याली. कापली तर रगत येतंय म्हणाली, आंधळं व्हतंय माणूस म्हणाली. म्हटलं कापत न्हाय, तेल घालतो. आंधळी व्हईन तर म्या व्हईन, तशी बी व्हायलीच हाय." तिनं स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं आणि किंचित हसली. "डोस्कं घेतलं मांडीवर. आन वतलं तेल. किती वर्सांचा भंडारा त्यात. दगूड झालता. बोटं घालून घालून मोकळी केली. तंबाकूच्या पानाच्या शिरा काढल्याली बोटं हैत माझी, त्यास्नी डोळं लागत न्हाईत. ती निजली मधीच. पोरीवानी निजली, त्वांड उघडं टाकून. सांजच्याला बुडकाशी थोडी ऱ्हायली, ती काय सुटंना. मग तीच उठली, कातर घेतली, मला म्हणाली, आई डोळं मिट. आन कातरली."

मागाचा आवाज मधेच थांबला. कुणीतरी कन्नडमधून काहीतरी ओरडलं, धागा तुटला असावा, आणि परत खटक खटक सुरू झालं.

"तुला कुणी सांगितलं हे करायला?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला स्वतःलाच आवाज पोकळ वाटला.

"तूच की. चौकात सांगितलास. तेल न्हाय म्हणून जट व्हतीया, देवी न्हाय त्यात. म्या मागं बसलेवते बायकांत. टाळ्या पडल्या लई. म्हटलं माझा ल्योक शिकल्याला हाय, खरंच बोलत असणार. मग वाट बघितली. म्हटलं आज जाईल, उद्या जाईल भणीकडं तेल घिऊन. पुनव आली. मग म्याच गेले."

त्याला आता बसावंसं वाटलं, पण म्हातारीच्या पुढ्यात वाकळ पसरली होती आणि त्याच्या हातातल्या लुगड्यातून लाल पाणी ठिबकत होतं.

"उठल्यावर तिनं डाग बघितला," तानीबाई म्हणाली. "तुला दिसला ना, तसाच तिला दिसला. कावरीबावरी झाली. म्हणाली, आई, माझं तेल लागलं तुझ्या पांढऱ्याला. धुऊन टाक हितंच. यल्लूच्या नदरंला पडंल. पाणी घिऊन आली, साबण घिऊन आली. म्या म्हटलं ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे?"

"मला दिसत न्हाय म्हणून वाटलं काय तुला? दिसत न्हाय, पर ठावं हाय कुठं हाय ते. रोज हात फिरीवतो त्याच्यावर." तिनं वाकळेतली सुई काढली, दोरा ओठांनी ओला केला. "उद्या परिषदेला येणार हाय ती. तिच्या चाळीतल्या आणि दोघी हैत, त्यास्नी घिऊन. केस इंचरून येणार हाय. मला म्हणाली, यल्लूला सांगू नगंस, त्याला कमीपणा यायचा, म्या लांब बसीन, वळख दावायची न्हाय. आता त्वा डाग बघितलास म्हणून सांगितलं. न्हाईतर त्वांड उघडलं नसतं."

"कोण सुली?"

जया मागल्या दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. हातातली पळी तिनं तशीच धरली होती आणि तिच्यावरचा भात वाळायला लागला होता. धर्मराजनं आईकडं बघितलं. तानीबाई सुईत दोरा ओवत होती, सुईचं भोक तिला सापडत नव्हतं, आणि ती मान वर करणार नव्हती हे स्पष्ट होतं. लग्न ठरलं त्या दिवशी ती अशीच बोटं चोळत गप्प बसली होती, त्याच्यासाठी. आताही ती गप्प बसली होती, पण आता ते त्याच्यासाठी नव्हतं. त्याच्या डोक्यात भाषणाची वाक्यं रांगेनं उभी होती, सगळी तयार, धारदार, आणि या प्रश्नाला द्यायला त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"माझी बहीण," तो म्हणाला. "थोरली."

"ती वारली म्हणालता."

"म्हणालो होतो."

जया त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग आला होता की नुसती ओळख लागत नव्हती ते त्याला कळेना. मग ती सासूकडं वळली. "आत्ती, उद्या त्या जेवायला कुठं असणार?"

"कुठं असणार. परिषदेचं काय वाटतील ते."

"मी डबा जास्तीचा करते," जया म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन तिनं पातेलं आपटलं. एकदाच आपटलं, पण पत्र्याचं छप्पर वाजेल एवढ्या जोरानं. त्याचा हिशेब नंतर व्हायचा होता आणि तो व्हायलाच हवा होता हे त्याला समजलं.

तो मोरीत आला. त्यानं लुगडं साध्या पाण्यातून काढलं, दोनदा, तीनदा. सोडा निघून गेला तशी लाली गेली आणि डाग परत पिवळा झाला. तेल टीपकागदांवर उतरलं होतं. ते कागद इस्त्रीशेजारी पडले होते, काचेसारखे. त्यांना चिकटून जे आलं होतं ते आक्काच्या डोक्यातलं होतं आणि ते त्यानं मोठ्या समाधानानं काढलं होतं. आता नुसती हळद राहिली होती. हळदीला साबण लागत नाही, सोडा लागत नाही. तिला ऊन लागतं. ओलं कापड मे महिन्याच्या उन्हात टाकलं की हळद आपोआप उडून जाते, कापडाला कळतही नाही. हे त्याला ठाऊक होतं आणि आईला ठाऊक होतं. तो लुगडं घेऊन परसात आला. त्यानं ते दोरीवर पसरलं, नऊवारीचा अख्खा पसारा, आणि हाताला सवय होती म्हणून डाग नेमका उन्हाकडं तोंड करून आला.

तो पायरीवर बसला. ऊन वर येत होतं. पांढऱ्या कापडावरून तिरीप डोळ्यांत जात होती आणि मधे तो पिवळा चट्टा. बघता बघता कड फिकी व्हायला लागली. आधी कड जाते, मग मधलं. दुपारपर्यंत काही उरणार नव्हतं. उद्या स्टेजवर आई ताठ, पांढरी बसेल, पहिल्या रांगेतल्या नजरांना कुठं अडायला काही सापडणार नाही. तो बोलेल. देवी नाही म्हणेल, टाळ्या पडतील. लांब बायकांच्या गर्दीत कातरलेल्या, विंचरलेल्या केसांची एक बाई बसलेली असेल. ओळख न दाखवता तिची नजर आईच्या मांडीवर जाईल. कापड पांढरं बघून तिला बरं वाटेल. वाटेल, धुतलं आईनं. यल्लूच्या नजरेला पडलं नाही. बरं झालं. आणि तिला बरं वाटलेलं ते तिथून स्टेजवर बसलेल्या त्याला दिसेल.

त्याला एकदम चुरमुऱ्यांचा पुडा आठवला. तिनं एक एक करून पुसले होते. पदराला पुसले होते, म्हणजे सगळा भंडारा तिनं आपल्या पदराला घेतला होता, त्याचं खाणं स्वच्छ राहावं म्हणून. त्यानं ते खाल्ले होते. गोड लागले होते.

तो उठला. दोरीजवळ गेला. कापड गरम झालं होतं, अर्धं वाळलं होतं, आणि डाग अजून होता, पहिल्यापेक्षा फिका, पण कुणालाही दिसेल असा. त्यानं चिमटे काढले, लुगडं ओढून घेतलं आणि आत नेलं. चुलीमागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं कधीच ऊन येत नव्हतं, तिथं एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत दोर बांधला आणि त्यावर ते पसरलं.

"ऊन हाय की बाहेर," जया म्हणाली. तिच्या आवाजात अजून धार होती. "आत कशाला? रात्रीपर्यंत वाळायचं नाही."

"वाळंल," तो म्हणाला, आणि डाग हातानं वर काढून, मांडीवर येईल अशी घडी कशी घालायची ते बघत उभा राहिला.